चादर बाहेर होती, दत्ता

१९९३ चा शरद ऋतू. माझ्या राहत्या घरी सागरी व्हीएचएफ रेडिओ बसवून त्यावरून बोलण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज मी केला. जबाबदार: परवाना कार्यालय. त्याने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही.

त्यानंतरचा संपूर्ण हिवाळा. माझी स्मरणपत्रे. जबाबदार: तेच कार्यालय, तेच टेबल.

१९९४ चा वसंत. बंदरातला धक्का चालवणाऱ्या कंपनीने तुला ताकीद दिली, की रेडिओवर परकीय भाषेत बोलू नये. जबाबदार: कंपनीचे व्यवस्थापक.

१९९४, जून, धुक्याचा रविवार. जबाबदार: त्या दुपारी कंपनीच्या कार्यालयात रेडिओशेजारी बसलेला कर्मचारी, आणि त्याला तसे बसायला शिकवणारे सर्वजण.

दत्ता, तू असतास तर हसला असतास. "काय ओ नाना, मयताच्या कागदालाही कलमं पाडता?" असे म्हणाला असतास. पाडतो. सारी नोकरी मी जहाजांच्या विम्याचे दावे लिहिण्यात घालवली. दुःख कसे लिहितात हे मला कुणी शिकवले नाही. आधी दिनांक, मग जबाबदार व्यक्ती, मग घटना, हा क्रम तेवढा हाताला माहीत आहे.

आणखी एक कायदेशीर मुद्दा प्रारंभीच निकालात काढतो. रेडिओवर दुसऱ्याचे बोलणे कानी पडले, तर ते तिसऱ्याला सांगू नये, असे या देशाचा, जपानचा, कायदा म्हणतो. चांगला कायदा आहे. मी तो कधी मोडला नाही. परंतु त्या रविवारी तू जे बोललास, ते माझे नाव घेऊन बोललास. ते बोलणे माझे आहे. ते जगाला सांगण्याचा अधिकारही माझाच आहे, आणि तो मी आज बजावतो आहे.

माझी पत्नी सुधा गेली तेव्हा मी टोकियोत, फुनाबोरीत, एकटा राहत होतो. निवृत्त झालो होतो आणि बोलायला कुणी नव्हते, म्हणून नगरपालिकेला, रेल्वेला, कचरा उचलणाऱ्यांना पत्रे लिहीत होतो. अशा वेळी तू आलास. हर्णैचा मुलगा, जहाजावरच्या इंजिनात अर्धे आयुष्य काढून मिचिको-सानशी लग्न करून चिबा प्रांताच्या दक्षिणेला एका लहानशा बंदरात स्थिरावलेला. आपली ओळख जुनी, एका बिघडलेल्या पंपाच्या दाव्यातली. तुझ्या साक्षीमुळे माझी कंपनी तो दावा हरली होती आणि मला तू तेव्हापासूनच आवडला होतास. तू चहा घेतलास, माझ्या टेबलावरच्या पत्रांच्या चळतीकडे पाहिलेस आणि म्हणालास, "नाना, सामान बांधा. आमच्या वरच्या टेकडीवर एक घर रिकामं आहे. भाडं कमी आणि कावळे जास्त."

"मी तिथे येऊन काय करू?"

"तेच कराल. पत्रं लिहाल. पण समोर समुद्र असेल."

मी आलो. हे तुला कधी सांगितले नाही, पण त्या दिवशी तू आला नसतास, तर पुढचा हिवाळा मी काढला असता की नाही याची मला खात्री नाही. आभार मानायचे राहून गेले. आपण समोर असलो की वाद घालायचो, आणि वादात आभाराला जागा कुठली?

रेडिओची मागणी मूळची मिचिको-सानची. आठवडाभर तू दुसऱ्यांची इंजिने दुरुस्त करायचास आणि रविवारी आपली लहान नाव घेऊन एकटा मासे धरायला जायचास. हौशी नावांना व्हीएचएफ, म्हणून तुझ्याकडे हातात धरायचा लहान संच होता. कोळ्यांच्या नावांवरचे रेडिओ निराळ्या लहरींचे. शेजारून नाव गेली तरी त्यांना तुझा आवाज ऐकू येणार नाही आणि तुला त्यांचा. तुझे बोलणे ऐकणारा कान एकच, धक्क्यावरच्या कंपनीच्या कार्यालयातला. "एक कान पुरत नाही," असे मिचिको-सान म्हणाली. टेकडीवरचे माझे घर बंदरातले सर्वांत उंच. तेव्हा दुसरा कान माझ्या घरी बसवायचा, असे ठरले.

संच बसवला तो दिवस मला आजही जसाच्या तसा आठवतो. तू माझ्या कपड्यांच्या दांड्याशी उभा राहून छपराकडे पाहत होतास.

"एरियल जितका उंच तितका बरा. आणि आजूबाजूला लोखंड नको."

"कपड्यांचा दांडा स्टीलचा आहे," मी म्हणालो.

"मग कपडे आत वाळवा. तुमच्या पायजम्यापेक्षा माझा जीव मोठा आहे."

तू छपरावर चढलास, तो पांढरा उभा दांडा पट्ट्यांनी आवळलास, काळी जाड केबल पन्हळीच्या कडेने खाली आणलीस आणि खिडकीतून आत घेताना तिला मुद्दाम खाली झोल दिलास, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून घरात न येता तिथेच ठिबकेल. वादळात वीज गेली तरी संच बंद पडू नये, म्हणून गाडीची जुनी बॅटरी आणून टेबलाखाली ठेवलीस. जोडाच्या टोकाला सोल्डर लावताना जीभ दातांत धरून बसला होतास. मग संच सुरू झाला आणि खोलीभर खरखर पसरली. मिचिको-सान म्हणाली, की हे कढईत काहीतरी तळत असल्यासारखे वाटते.

"मग बरंय. नानांना भूक लागेल," तू म्हणालास. नंतर माझे बोट धरून एका बटणावर ठेवलेस. लहान मुलाला धुळाक्षरे गिरवायला लावतात तसे.

"हे बटण उजवीकडे फिरवलं की खरखर बंद. कानाला फार बरं वाटतं. पण जास्त फिरवलंत तर लांबचा बारीक आवाजही तिच्याबरोबर बंद होतो. माझा सेट लहान, आवाज बारीक. म्हणून थोडी खरखर राहू द्यायची. खरखर चालू म्हणजे दार उघडं आहे, असं समजायचं."

मी तसेच समजलो. त्या दिवसापासून एकदाही ते बटण मी उजवीकडे फिरवले नाही. हे वाक्य मी शपथेवर लिहायला तयार आहे.

हा झाला ऐकण्याचा संच. ऐकायला परवाना लागत नाही. बोलायला लागतो, आणि तिथेच आपला तो कधीही न संपलेला वाद सुरू झाला.

"माइकवाला सेट माझ्या दुकानात पडून आहे," तू म्हणालास. "उद्या आणून लावतो. एवढंसं बोललं तर कोण धरतंय?"

"परवाना आल्याशिवाय नाही."

"बुडणारा माणूस परवाना दाखवतो का, नाना?"

"परवाना बुडणाऱ्यासाठी नसतोच. तो ऐकणाऱ्यासाठी असतो. ज्याला परवाना मिळतो, त्याच्यावर ऐकण्याचं बंधन येतं. विनापरवाना ऐकणारा उद्या झोपला तर त्याला जाब कोण विचारणार?"

तू डोळे मिचकावून मिचिको-सानला म्हणालास, "नाना स्वर्गाच्या दारातही आधी अर्जाचा नमुना मागतील." आणि ती इतकी हसली, की चहा सांडला.

तेव्हा मी अर्ज केला. खासगी घरी असे केंद्र देण्याची वहिवाट नाही, तरीही विचार करू, असे टेबलापलीकडच्या माणसाने फार नम्रपणे सांगितले. विचार चालू राहिला. स्मरणपत्रे पोहोचत राहिली. जेव्हा जेव्हा मी फोन केला, तेव्हा तेव्हा विचार चालूच होता.

तोवर उत्तर कसे द्यायचे, हा प्रश्न मिचिको-सानने सोडवला. या देशात ऊन पडले की घरोघरी गाद्या आणि पांघरुणे गॅलरीच्या कठड्यावर टाकतात. त्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. सुधाची सोलापुरी चादर, लाल आणि काळी, कपाटात होती. तू समुद्रावरून बोलायचे, आणि आम्ही ऐकले की चादर कठड्यावर टाकायची. तू दुर्बिणीतून पाहायचे. पहिल्याच रविवारी तुझा आवाज आला, "नाना, नाना, नाना, इथे दत्ता. ऐकू आलं तर चादर टाका." आम्ही दोघे चादरीची दोन टोके धरून गॅलरीत धावलो. क्षणभराने संचातून आरोळी उठली, "दिसली! लालभडक दिसली! गाव म्हणेल, म्हातारा कुणाचं तरी लग्न लावतोय!"

पुढे तेच चालू राहिले. प्रत्येक रविवारी आधी तू कार्यालयाला जपानीत रीतसर कळवायचास आणि मग आम्हाला मराठीत. "आज पाण्याला हर्णैचा रंग आहे." "मिचिकोला सांगा, मासे मिळाले नाहीत, भाजी चिरून ठेव." "नाना, काल तुम्ही म्हणालात ते मला पटलं नाही, संध्याकाळी भांडू." मी संचासमोर बसून प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायचो. हो रे. सांगतो. ये, भांडू. त्या संचाला माइक नाही, हे ठाऊक असून द्यायचो. टोकियोतल्या त्या घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हते. इथे तू दर रविवारी मला एक काम लावून दिलेस, ऐकण्याचे. सुधानंतर माझ्यावर कुणी कसलेही काम सोपवले नव्हते.

कंपनीच्या व्यवस्थापकांना मात्र हे खपले नाही. तुला बोलावून त्यांनी सांगितले, की दत्ता-सान, रेडिओवर परदेशी भाषा ऐकून काउंटरवरच्या ग्राहकांना अडचण वाटते. तू मान लववून आलास आणि मला हसत हसत सांगितलेस. मी निषेधाचे पत्र लिहायला घेतले, तर तू पेन काढून घेतलेस. "जाऊ द्या हो. त्यांना त्यांचं कार्यालय शांत हवंय." शांत हा शब्द तेव्हा आपण दोघांनीही सोडून दिला.

आता त्या रविवारविषयी.

सकाळी स्वच्छ होते. दुपारी धुके आले. जूनमध्ये येते तसे, समुद्राकडून भिंत चालत यावी तसे. मिचिको-सान जेवणानंतरच वर आली होती. आम्ही दोघे खरखर ऐकत होतो. मग तू बोललास, कार्यालयाला, जपानीत: इंजिन बंद पडले आहे, पंख्याच्या दांड्याच्या जोडातून पाणी आत येते आहे, दीपगृहाच्या पूर्वेला आहे, खडकांकडे ओढला जातो आहे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. तुझा आवाज बारीक होता, पण एकेक शब्द स्पष्ट होता. कार्यालयाकडून काही नाही.

मी कार्यालयाला फोन लावला. तरुण कर्मचारी नम्र होता. "आमचा रेडिओ चालू आहे, साहेब. काहीही आलेलं नाही."

"मी इथे ऐकतो आहे. या क्षणी तो बोलतो आहे."

"आपल्या घरी रेडिओ आहे? त्याचा परवाना आहे का?"

आयुष्यात प्रथमच कायद्याच्या प्रश्नाला उत्तर न देता मी फोन दुसऱ्याच्या हाती दिला. मिचिको-सानने त्याला सारे सांगितले. तो म्हणाला, की चौकशी करतो, आपण निश्चिंत असावे. मग तिने सागरी बचाव पथकाला फोन केला. ते तत्काळ निघाले. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. निघताना त्यांनी कार्यालयाला विचारले, की नाव कुठे आहे. अधिकृत कान ज्याच्याकडे होता त्यालाच विचारले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. कार्यालयाने सांगितले, की नावेकडून कोणताही संदेश नाही, सकाळच्या नोंदीप्रमाणे ती पश्चिमेला असावी. पथक धुक्यात आधी पश्चिमेला गेले. आम्ही पूर्व म्हणत होतो. आम्ही म्हणजे एक घाबरलेली बायको आणि एक परदेशी म्हातारा.

दरम्यान तू मराठीत बोलू लागला होतास.

"नाना, ऐकताय ना? कार्यालय उत्तर देत नाही. चादर टाका."

चादर आम्ही केव्हाच टाकली होती. गॅलरीतून खाली पाहिले, तर समोरचा रस्तासुद्धा दिसत नव्हता.

"नाना, चादर दिसत नाही. धुक्यामुळे दिसत नाही का टाकली नाही?"

"टाकली आहे रे," मी संचाला म्हणालो. "बाहेर आहे. तुझ्यासमोर आहे."

"नाना, झोपलात काय ओ?"

तेव्हा मिचिको-सान, जिला माइक नसल्याचे माझ्याइतकेच ठाऊक होते, जपानीत म्हणाली, "नाना-सान, मोठ्यानं बोला." आणि मी मोठ्याने बोललो. ओरडलो. या वयात, भरल्या दुपारी, एका लोखंडी डब्यावर ओरडलो. दाराची घंटा वाजली. शेजारच्या घरातल्या बाई उभ्या होत्या. अगदी संकोचून म्हणाल्या, "क्षमा करा, तुमचं पांघरूण धुक्यात भिजतंय. आत घ्यायचं राहिलं असेल." मिचिको-सानने त्यांना वाकून नमस्कार केला, आभार मानले आणि दार लावले. चादर बाहेरच राहिली.

तुझे शेवटचे शब्द मी लिहितो, कारण ते माझे आहेत. "नाना, टाकली असेल तर बरं. नसेल तर टाका." मग खरखर. तुझे दार मी उघडे ठेवले होते, दत्ता. त्यातून पुन्हा कुणी आले नाही.

नाव दुसऱ्या दिवशी मिळाली, खडकांच्या पूर्वेला. तू त्यानंतर मिळालास. अंत्यविधीच्या वेळी एक कोळी मिचिको-सानपाशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, की त्या दुपारी आमची नाव खडकांच्या अलीकडेच होती, आम्हाला कुणी सांगितले असते तर. समुद्रावरच्या त्याच्या नावेला ते कळवू शकेल असा, कोळ्यांच्या लहरींना जोडणारा, एकच फोन त्या कार्यालयात होता.

विधी आटोपल्यावर मी त्या कार्यालयात गेलो. कॉफीचा वास, ग्राहकांसाठी मऊ खुर्च्या, मंद संगीत. कोपऱ्यात रेडिओ. दिवा लागलेला, आवाज काहीच नाही. मी जवळ गेलो. तू माझे बोट ज्याच्यावर ठेवले होतेस तेच बटण, पार उजवीकडे, फिरेल तितके फिरवलेले होते.

"हे असं का?" मी विचारले.

कर्मचाऱ्याने बटणाकडे पाहिले. त्याला खरोखरच काही कळले नाही. "दिवसभर खरखर येते, साहेब. ग्राहकांना त्रास होतो. आम्ही नेहमीच असं ठेवतो."

मी बटण डावीकडे फिरवले. कढई तापली. मऊ खुर्चीतली बाई दचकली. व्यवस्थापक आतून आले, मला वाकून नमस्कार केला, आपल्या हानीबद्दल मनःपूर्वक दुःख आहे असे म्हणाले, आणि बोलता बोलता, माझ्या डोळ्यांदेखत, त्यांचा हात त्या बटणाकडे गेला आणि त्यांनी ते पुन्हा उजवीकडे फिरवले. सवयीने, माणूस उघडे दार लोटून घेतो तसे.

म्हणजे वादात माझी बाजू बरोबर होती. परवाना कंपनीकडे होता, म्हणून ऐकण्याचे बंधन कंपनीवर होते. तत्त्व सिद्ध झाले. ते सिद्ध झाल्याचा आज काडीचा उपयोग नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "जिंकलात, नाना. आता जेवायला चला." आणि मी कबूल केले असते, की तुझ्या दुकानातला तो माइकवाला संच... नाही. हे वाक्य मी पुरे करणार नाही. तो वाद तुझ्याशी होता. तू नसताना मी तो ना जिंकणार, ना हरणार.

वकिलांना भेटलो. खटला उभा राहणे कठीण, असे त्यांचे मत. बटण ही वस्तू पुरावा ठेवत नाही. मिचिको-सान न्यायाबद्दल काही विचारतच नाही. ती रविवारी वर येते, संचासमोर बसते आणि एकच प्रश्न विचारते, "त्याला कळलं असेल का?" आपण ऐकत होतो हे. चादर बाहेर होती हे. मी आयुष्यभर संशयाचा फायदा कुणाला द्यायचा यावर पाने लिहिली. या प्रश्नावर मला एक ओळही लिहिता येत नाही. तुला कळले नसणार, दत्ता. धुके तसे होते. तू आम्हाला हाक मारत राहिलास आणि तुझ्या बाजूने पाहता कुणीच नव्हते. याहून बरे काही मी तिला सांगू शकत नाही, आणि खोटे सांगण्याची मला सवय नाही. मी नुसता तिच्यासाठी चहा करतो.

परवाना कार्यालयाचा विचार अद्याप चालू आहे. मी अर्ज मागे घेतलेला नाही.

हा मजकूर मी मराठीत लिहितो, कारण तुझ्याशी मी दुसऱ्या कोणत्या भाषेत बोलणार? तुझ्याकडून शिकलेल्या मराठीवर याचा जपानी तर्जुमा मिचिको-सान करते आहे. तो धक्का चालवणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकांच्या हाती दिला जाईल. मला दुःखप्रदर्शन नको, फुले नकोत, आणि बंद खोलीत वाकलेली मान नको. धक्क्यावर त्यांचा एक फलक आहे, ज्यावर ते भरती-ओहोटीच्या वेळा लावतात. समुद्रावर जाणारा प्रत्येक माणूस तो वाचूनच जातो. त्या फलकावर, सर्वांना वाचता येईल अशा अक्षरात आणि खाली स्वतःचे नाव घालून, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर लिहावे: ऐकण्याचा परवाना तुमच्याकडे असताना ते बटण उजवीकडे कुणी फिरवले, कुणाच्या सांगण्यावरून, आणि आज ते कुठे आहे?